हरलेला शोगीचा डाव सॉफ्टवेअरसोबत कसा तपासायचा

शोगीचा, म्हणजे जपानी बुद्धिबळाचा, डाव हरला की आपण बहुतेक जण एकच गोष्ट करतो, लगेच तो डाव सॉफ्टवेअरमध्ये टाकतो, कोण पुढे होतं ते दाखवणारा ग्राफ कुठे खाली पडलाय ते बघतो, "अरे इथे सिल्व्हर मागे घ्यायला हवा होता" असं म्हणतो आणि पुढचा डाव सुरू करतो. मीही खूप महिने असंच केलं आणि खरं सांगतो, त्याने खेळात काडीचा फरक पडला नाही. कारण बरोबर चाल कोणती हे कळलं, पण मला ती का दिसली नाही हे कळलंच नाही, आणि पुढच्या डावात पट वेगळा असतो त्यामुळे ती पाठ झालेली चाल कामालाच येत नाही.

म्हणून या लेखात इंजिन, म्हणजे चाली शोधणारा प्रोग्रॅम, कसं बसवायचं, कसं चालवायचं हे सगळं सांगणारच आहे, पण माझा भर एकाच गोष्टीवर आहे. डावाच्या वेळी तुमच्या डोक्यात काय होतं आणि इंजिनला काय दिसतंय, या दोन्हींत जिथे फरक पडतो ती जागा शोधायची. शिकण्यासारखं सगळं तिथे असतं. शोगीचे नियम तुम्हाला येतात असं धरून चाललोय. सोंगट्यांना मी आपल्या बुद्धिबळातलीच नावं वापरतो, हत्ती, उंट, घोडा, प्यादं, आणि ज्यांना आपल्याकडे नाव नाही त्यांना गोल्ड, सिल्व्हर, लान्स. आधी खेळणारा सेंते, नंतर खेळणारा गोते.

आधी डाव जपून ठेवा

डावाच्या नोंदीला जपानीत किफु म्हणतात. ऑनलाइन खेळत असाल तर किफु आपोआप तयार होतो, लिशोगी किंवा ८१ डोजो या साइटवर डाव संपला की तो डाउनलोड करता येतो. पटावर समोरासमोर खेळत असाल तर हाताने लिहायची सवय लावा, सुरुवातीला कंटाळा येतो पण दहा-बारा डावांनंतर हात बसतो.

लिहिण्याची पद्धत सोपी आहे. पटावर ९ उभ्या आणि ९ आडव्या रांगा, म्हणजे ८१ घरं. उभ्या रांगा सेंतेच्या बाजूने बघताना उजवीकडून डावीकडे १ ते ९, आडव्या रांगा वरून खाली १ ते ९, आणि घराचं नाव म्हणजे आधी उभी रांग मग आडवी. म्हणजे 'प्यादं ७६' म्हणजे सातव्या उभ्या रांगेतलं सहावं घर. जपानी किफुत दुसरा आकडा त्यांच्या लिपीत असतो आणि इंजिनच्या भाषेत तिथे रोमन अक्षर येतं, पण घर तेच. एकदा हे डोक्यात बसलं की जपानी सॉफ्टवेअरचीही भीती वाटत नाही.

फाइलचे प्रकार दोन-तीनच लक्षात ठेवा. केआयएफ हा सगळ्यात जास्त चालणारा, त्यात प्रत्येक चालीला लागलेला वेळ आणि तुमच्या कॉमेंट्सही राहतात. सीएसए हा कॉम्प्युटर स्पर्धांमधून आलेला, तोही सगळीकडे उघडतो. आणि एसएफईएन म्हणजे एका पोझिशनचं एका ओळीतलं वर्णन, हातातल्या सोंगट्यांसकट, हे पुढे फार कामाला येणार आहे. एक अडचण हमखास येते, जुनी केआयएफ फाइल उघडली की सगळी अक्षरं विचित्र दिसतात. फाइल खराब झालेली नसते, ती शिफ्ट-जेआयएस एन्कोडिंगमध्ये असते आणि तुमचा टेक्स्ट एडिटर ती यूटीएफ-८ समजून वाचत असतो. तीच फाइल शोगीच्या प्रोग्रॅममध्ये उघडा, नीट दिसते.

आणि वेळेची नोंद काढून टाकू नका. कुठल्या चालीला तुम्ही दोन सेकंद घेतले आणि कुठल्या चालीला तीन मिनिटं, यावरून नंतर जे कळतं ते कुठलंच इंजिन सांगू शकत नाही.

इंजिन चालू करायच्या आधीची वीस मिनिटं

ही पायरी सगळे गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे.

जपानमध्ये डाव संपल्यावर दोन्ही खेळाडू तिथेच बसून डाव पुन्हा मांडतात आणि बोलतात, त्याला कान्सोसेन म्हणतात. प्रोफेशनल लोकही करतात, टायटल मॅच हरलेला माणूसही हरल्यानंतर लगेच समोरच्याशी शांतपणे बोलत बसतो की इथे मी हे खेळलो असतो तर तू काय करणार होतास. ऑनलाइन डावात समोरचा थांबतोच असं नाही, म्हणून निदान एकट्याने तरी करायचं.

डाव पहिल्यापासून चालवा आणि चार ठिकाणी कॉमेंट लिहा. जिथे तुम्हाला पहिल्यांदा वाटलं की आता माझं काही खरं नाही. जिथे सगळ्यात जास्त वेळ विचार केलात. जिथे समोरच्याची चाल बघून दचकलात. आणि जिथे दोन चालींपैकी एक निवडताना मन अडलं होतं. प्रत्येक ठिकाणी पूर्ण वाक्यात लिहा. "इथे चुकलं" असं लिहून उपयोग नाही. "मला वाटलं तो उंट घेईल, मग मी हत्तीने परत घेईन आणि ८ च्या रांगेत घुसेन, पण त्याने घेतलंच नाही आणि ६४ वर घोडा टाकला, तो मला दिसलाच नव्हता" असं लिहा. लाजायचं कारण नाही, हे कुणाला दाखवायचं नाहीये.

शेवटी एक अंदाज लिहून ठेवा, डाव कुठल्या चालीला फिरला असेल. एक आकडा. मग नंतर इंजिनचा आकडा येईल तेव्हा दोन्ही शेजारी ठेवता येतात. माझा अंदाज सुरुवातीला वीस-वीस चालींनी चुकायचा, मला वाटायचं शेवटच्या हल्ल्यात हरलो आणि इंजिन दाखवायचं की त्याच्या कितीतरी आधी, शांत वाटणाऱ्या एका चालीत डाव गेला होता.

कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं

काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर लिशोगी. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, बाहेर खेळलेला डावही पेस्ट करून आत घेता येतो आणि कॉम्प्युटर अॅनालिसिस मागवलं की थोड्या वेळात ग्राफ आणि चुकांच्या खुणा येतात. तुमच्या चुकांवर परत नेऊन "आता बरोबर चाल शोधा" असं विचारायची सोयही त्यात आहे, ती जरूर वापरा. फोनवरच सगळं करायचं असेल तर पियो शोगी चांगलं आहे, दिसायला लहान मुलांचं वाटतं पण आतलं विश्लेषण भक्कम आहे. पहिले दोन-तीन महिने एवढ्यावर आरामात निघतात.

पण मनासारखं खोदायचं असेल तर कॉम्प्युटरवर स्वतःचा सेटअप हवा. त्यात तीन वेगवेगळे भाग असतात आणि नवीन माणूस इथेच गोंधळतो. पट दाखवणारा प्रोग्रॅम एक, विचार करणारं इंजिन दुसरं, आणि पोझिशन चांगली की वाईट हे ठरवणारी इव्हॅल्युएशन फाइल तिसरी. तिन्ही वेगवेगळ्या लोकांनी बनवलेले असू शकतात, आणि ते एकमेकांशी यूएसआय नावाच्या ठरलेल्या भाषेत बोलतात, म्हणून कुठलंही इंजिन कुठल्याही पटाला जोडता येतं.

पटासाठी मी शोगीहोम सांगेन, आधी याचं नाव इलेक्ट्रॉन शोगी होतं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि भाषा इंग्रजी करता येते. विंडोजवर शोगीगुई आणि शोगीदोकोरो हे जुने आणि भरवशाचे, पण त्यांची सवय व्हायला जरा वेळ लागतो. इंजिन म्हणून यानेउराओ, तेही फुकट आणि ओपन सोर्स. इव्हॅल्युएशन फाइल म्हणून सुइशो हे नाव तुम्हाला सगळीकडे दिसेल.

बसवायचं असं. शोगीहोम उतरवून घ्या आणि एकदा उघडून भाषा बदला. मग यानेउराओचं पॅकेज उतरवा आणि एका साध्या फोल्डरमध्ये उघडा, फोल्डरच्या नावात मराठी किंवा जपानी अक्षरं आणि स्पेस ठेवू नका, त्यामुळे इंजिन सुरूच न होण्याचे प्रकार होतात. आत वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी वेगवेगळ्या एक्झी फाइल्स असतात, गेल्या काही वर्षांतला कॉम्प्युटर असेल तर एव्हीएक्स-२ वाली घ्या, ती उघडताच बंद पडली तर एसएसई-४२ वाली. इव्हॅल्युएशन फाइलचं नाव 'एनएन डॉट बिन' असं असतं, ती इंजिनच्या शेजारी 'इव्हल' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. मग शोगीहोममध्ये इंजिन मॅनेजमेंटमध्ये जाऊन 'अॅड' करून ती एक्झी दाखवायची. एरर आली तर दहापैकी नऊ वेळा कारण एकच असतं, एनएन फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये आहे किंवा ती दुसऱ्या प्रकारच्या नेटवर्कची आहे आणि तुमची एक्झी दुसऱ्या. डाउनलोडच्या पानावर ते नाव लिहिलेलं असतं, जुळवून घ्या.

एक गोष्ट सांगायला मला फार आवडते. या फाइलमधलं जे तंत्र आहे, एनएनयूई, ते २०१८ मध्ये यू नासु यांनी शोगीसाठी तयार केलं. साध्या प्रोसेसरवर, ग्राफिक्स कार्डाशिवाय, वेगाने चालणारं न्यूरल नेटवर्क. नंतर २०२० मध्ये ते बुद्धिबळाच्या स्टॉकफिशमध्ये आलं आणि स्टॉकफिश एकदम कितीतरी वर गेलं. म्हणजे आज बुद्धिबळवाले जे इंजिन वापरतात त्यात शोगीवाल्यांचं डोकं आहे.

तुमच्याकडे चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर डीएल-शोगी हे दुसऱ्या पद्धतीचं इंजिनही आहे, डीप लर्निंगवालं. ओपनिंग आणि मधल्या खेळात त्याची मतं फार वाचण्यासारखी असतात. पण डाव तपासायला ते लागतंच असं अजिबात नाही.

सेटिंग्ज, थोडक्यात

थ्रेड्स म्हणजे प्रोसेसरचे किती धागे वापरायचे, एक-दोन मोकळे ठेवून बाकीचे द्या, नाहीतर कॉम्प्युटर अडकतो. हॅशला, म्हणजे इंजिनच्या मेमरीला, ८ जीबी रॅम असेल तर १०२४ एमबी पुरे. ओपनिंग बुक बंद करा, म्हणजे बुकच्या जागी 'नो बुक' निवडा, कारण बुक चालू असलं की इंजिन विचार न करता पाठ असलेली चाल फेकतं आणि आपल्याला तर त्याचा विचार बघायचाय. मल्टी-पीव्ही म्हणजे किती पर्याय दाखवायचे, पूर्ण डाव तपासताना १ आणि एकाच पोझिशनवर बसलात की ३ किंवा ४. काही इव्हॅल्युएशन फाइल्सच्या सूचनेत एफव्ही-स्केल नावाचा आकडा बदलायला सांगितलेला असतो, तो तेवढा बदला, नाहीतर गुण फुगलेले दिसतात.

आणि एक नक्की तपासा, आकडा कुणाच्या बाजूने दाखवला जातोय. इंजिन स्वतः ज्याची चाल आहे त्याच्या बाजूने आकडा देतं, पट दाखवणारा प्रोग्रॅम तो सेंतेच्या बाजूने फिरवून दाखवू शकतो. हे न बघता मी एक अख्खा डाव उलटा वाचला होता आणि जिथे मी चांगलं खेळलो त्याच चाली चूक म्हणून लिहून ठेवल्या होत्या. मी नेहमी सेंतेच्या बाजूने ठेवतो, वर म्हणजे सेंते, खाली म्हणजे गोते, संपलं.

पहिली फेरी आणि आकड्यांचा अर्थ

आता पूर्ण डाव अॅनालिसिसला लावा, प्रत्येक चालीला ३ ते ५ सेकंद. शंभर-सव्वाशे चालींचा डाव असेल तर आठ-दहा मिनिटांत होतो.

जो आकडा येतो तो ढोबळपणे एका प्याद्याला १०० अशा मापाचा असतो, पण शोगीत प्यादं हातात येतं, परत टाकता येतं, त्यामुळे "३०० म्हणजे तीन प्यादी पुढे" असं शब्दशः धरू नका. त्यापेक्षा जिंकण्याच्या शक्यतेत बघा. त्यासाठी पोनान्झा या इंजिनच्या नावाने ओळखलं जाणारं एक प्रमाण आहे, ६००, ते धरून हिशेब केला तर साधारण असं येतं: ३०० ला ६२ टक्के, ६०० ला ७३, १००० ला ८४, १५०० ला ९२ आणि २००० ला ९६-९७ टक्के. आता लक्षात ठेवा की ही शक्यता इंजिन विरुद्ध इंजिन खेळण्याची आहे. आपल्यासारख्या माणसांच्या डावात ३०० ला काही अर्थ नाही, आणि ८०० सुद्धा एका चुकीत उलटतात. शोगीत शेवटाला सोंगट्या कमी होत नाहीत, उलट दोघांच्या हातात भरपूर असतात, म्हणून २००० ने पुढे असलेला माणूस एका चालीत मात खाऊ शकतो. बुद्धिबळातून आलेल्यांना हे पचायला वेळ लागतो.

मग ग्राफमध्ये काय शोधायचं? सगळ्यात मोठी दरी शोधू नका. पहिली शोधा. म्हणजे बरोबरीच्या पट्ट्यातून, ३०० च्या आतबाहेरून, जिथे आकडा पहिल्यांदा ५००-६०० ने हलला आणि परत आला नाही ती चाल. १५००-२००० च्या पलीकडे गेलेल्या पोझिशनमधल्या चुका पहिल्या फेरीत सोडून द्या, तिथे इंजिन ३००० वरून २२०० ला आलं म्हणून लाल खूण करतं आणि त्यात शिकण्यासारखं काही नसतं.

हत्ती डावीकडे नेऊन खेळणाऱ्यांना, म्हणजे फुरिबिशावाल्यांना एक खास सांगणं. तुम्ही हत्ती हलवल्याबरोबर इंजिन शे-दीडशे गुण कमी करतं. करू द्या. त्या फरकाचा आपल्या पातळीवर निकालाशी काही संबंध नाही, आणि केवळ तेवढ्यासाठी आवडती ओपनिंग सोडून दिलेले लोक बघितले की वाईट वाटतं.

तीनच पोझिशन, पण मनापासून

पहिल्या फेरीनंतर तीन जागा निवडा, जास्त नको. एक इंजिनने दाखवलेली पहिली मोठी घसरण, एक तुम्ही स्वतः खूण केलेली जागा, आणि एक अशी जिथे तुमचं आणि इंजिनचं मत साफ वेगळं आहे. आता प्रत्येकीवर मल्टी-पीव्ही ३ किंवा ४ करून इंजिनला दोन-तीन मिनिटं द्या.

काय करायचं ते एका अगदी साध्या उदाहरणावर दाखवतो. सेंते प्यादं ७६, गोते प्यादं ३४, दोघांचे उंट समोरासमोर आले. आता सेंते सिल्व्हर ६८ ला नेतो, यागुरा हा राजाभोवतीचा किल्ला बांधायचाय म्हणून. इंजिनचा आकडा धाडकन खाली, हजाराच्याही पलीकडे. फक्त "सिल्व्हर ६८ चूक, प्यादं ६६ बरोबर" एवढं वाचून पुढे गेलात तर काही मिळालं नाही. पटावर तुमचीच चाल खेळा आणि बघा इंजिन शिक्षा कशी करतं: गोतेचा उंट सरळ ८८ ला येऊन तुमचा उंट खातो आणि बढती घेतो. आणि तुम्ही परत घेऊ शकत नाही, का? कारण ८८ च्या उंटाला आधार देणाऱ्या दोनच सोंगट्या होत्या, ७९ वरचा सिल्व्हर आणि २८ वरचा हत्ती, आणि सिल्व्हर तुम्ही हलवलात. हत्ती त्याच आडव्या रांगेत आहे पण मध्ये आता ६८ वर तुमचाच सिल्व्हर उभा आहे. म्हणजे वहीत लिहायचं वाक्य असं: "उंटांची तिरपी रेघ उघडी असताना उंटाचा आधार काढून घेतला. आधी प्यादं ६६ ने रेघ बंद करायची मग सिल्व्हर." हे वाक्य पुढच्या शंभर डावांत कामाला येतं, 'सिल्व्हर ६८ चूक' हे नाही.

अवघड पोझिशनमध्येही पद्धत हीच. आपली चाल खेळायची आणि तिला इंजिनचं उत्तर काय ते बघायचं. मग इंजिनची चाल खेळायची आणि ज्या उत्तराची तुम्हाला भीती वाटली होती ते उत्तर हाताने खेळून बघायचं, म्हणजे भीती खरी होती का ते कळतं. खूपदा असं निघतं की बरोबर चाल आपल्याला दिसली होती, पण "मग तो इथे घोडा टाकेल" म्हणून सोडली, आणि घोडा टाकला तरी काही होत नव्हतं.

कधी कधी इंजिनची चाल बघून काहीच अर्थ लागत नाही, कडेचं एक प्यादं एक घर पुढे, बस. तेव्हा एक युक्ती आहे आणि ती मला सगळ्यात जास्त आवडते: चाल सोडून द्यायची. म्हणजे ती चाल खेळल्यानंतरची पोझिशन एडिटमध्ये न्यायची, पाळी बदलायची, समोरच्याने काहीच केलं नाही असं धरायचं आणि इंजिनला विचारायचं आता काय. लगेच धमकी उघडी पडते. उलटंही करा, समोरच्याच्या चालीनंतर स्वतःची पाळी सोडून बघा, त्याला काय करायचं होतं ते कळतं. फक्त राजाला शह असताना हे करता येत नाही, ती पोझिशनच बेकायदा होते.

अजून एक उदाहरण आकड्याच्या अर्थाबद्दल. प्यादं ७६, प्यादं ३४, मग सेंते लगेच उंट बदलतो, २२ ला, गोते सिल्व्हरने परत घेतो, आणि सेंते हातातला उंट ४५ ला टाकतो. आता हा उंट ३४ चं प्यादं पण बघतोय आणि ६३ ला घुसायलाही बघतोय, गोते दोन्ही वाचवू शकत नाही, ६३ वाचवतो आणि सेंतेला एक प्यादं फुकट मिळतं. तरी इंजिन म्हणतं थोडं गोतेचं बरं आहे! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं सेटिंग बिघडलंय. पण पट नीट बघा, सेंतेने उंट खर्च केला आणि तो आता पटावर अवघडून बसलाय, गोतेचा उंट मात्र हातात आहे, कुठेही कधीही पडू शकतो. एका प्याद्याची ती किंमत आहे. आता हे कळल्यावरही तुम्ही ही ओपनिंग खुशाल खेळू शकता, फरक लहानच आहे, पण आपण कशाच्या बदल्यात काय घेतलं हे माहीत असतं.

घाईच्या उत्तरावर विश्वास नको

२८ जून २०२० ला किसेई टायटलच्या दुसऱ्या डावात फुजी सोता या प्रोफेशनल खेळाडूने वातानाबे अकिरा यांच्याविरुद्ध सिल्व्हर ३१ ला टाकला. दिसायला नुसता बचाव. सुइशोला ४० कोटी पोझिशन्स वाचायला दिल्या तरी ती चाल पहिल्या पाचातही नव्हती, आणि ६० कोटी वाचल्यावर अचानक पहिल्या नंबरला आली. साध्या लॅपटॉपवर सेकंदाला दहा लाख पोझिशन्स धरल्या तर ६० कोटी म्हणजे दहा मिनिटं. आपण पहिल्या फेरीत देतो ५ सेकंद. म्हणजे त्या फेरीतलं 'चूक' हे लेबल एक संशय समजा, निकाल नाही. ज्या तीन पोझिशन निवडल्या त्यांच्यावर इंजिनला वेळ द्या, आणि पहिली चाल व दुसरी चाल यांच्यात ५०-६० गुणांचाच फरक असेल तर दोन्ही चाली चांगल्या समजा आणि तुम्हाला समजते ती निवडा.

इंजिनने दाखवलेली चालींची लांबलचक रेघही अख्खी पाठ करू नका. पहिल्या पाच-सात चाली वाचा, त्यापुढे ती रेघ विरळ होत जाते, आणि तुमच्यासमोरचा माणूस तशी खेळणारही नाही.

शेवटाचा खेळ वेगळा तपासायचा

शोगीचा शेवट म्हणजे शर्यत, कुणाचा राजा आधी मरतो. इथे आकड्यांपेक्षा मेट सर्च कामाचं. शोगीहोममध्ये मात शोधायचं इंजिन वेगळं जोडता येतं, ते फक्त "शहांच्या मालिकेने मात आहे का नाही" एवढंच सांगतं आणि फार वेगाने सांगतं.

शेवटच्या तीस-चाळीस चाली घ्या आणि स्वतःच्या प्रत्येक पाळीला दोन प्रश्न विचारा. आत्ता त्याला मात होती का? आणि मी आत्ता काही नाही केलं तर मला मात आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर त्याला त्सुमेरो म्हणतात, मात करायची धमकी, आणि ती ओळखायला वर सांगितलेली पाळी सोडायची युक्तीच वापरायची. समजा गोतेचा राजा ५१ वर एकटा आहे, तुमचं प्यादं ५३ वर आहे आणि हातात गोल्ड आहे. पाळी गोतेची. ती सोडून द्या, मेट सर्च लगेच सांगेल: गोल्ड ५२, मात. राजा ५२ ला खाऊ शकत नाही कारण प्याद्याचा आधार आहे, आणि ४१, ६१, ४२, ६२ ही चारही घरं गोल्डने झाकलेली. म्हणजे तुमचं ते ५३ चं प्यादं टाकणं हीच धमकी होती. आता त्याच पोझिशनमध्ये हातातला गोल्ड काढून सिल्व्हर द्या आणि परत विचारा, तेव्हा ५२ च्या सिल्व्हरने आडवी बाजू झाकली जात नाही आणि राजा ४२ किंवा ६२ ला निसटतो. असं एक-एक बदलून बघितलं की शेवटाला गोल्ड हातात का जपायचा हे कुणी सांगावं लागत नाही.

जिथे मात होती आणि तुम्हाला दिसली नाही, ती पोझिशन एसएफईएन करून वेगळ्या फाइलमध्ये चिकटवा. ही तुमची स्वतःची त्सुमे-शोगी, म्हणजे मात शोधायची कोडी, तुमच्याच डावातली. पुस्तकातल्या कोड्यात मात आहे हे आधीच माहीत असतं, म्हणून मी यात मुद्दाम काही अशा पोझिशन्सही टाकतो जिथे मात नाही पण मी उगाच शह देत सुटलो होतो आणि सगळ्या सोंगट्या त्याच्या हातात गेल्या. दर चार-पाच दिवसांनी उघडायची आणि पहिला प्रश्न 'मात आहे का' हाच.

राजे एकमेकांच्या प्रदेशात घुसले असतील तर इंजिनमध्ये एंटरिंग-किंगचा, म्हणजे अशा वेळी गुण मोजून निकाल लावायचा, नियम तुम्ही ज्या नियमाने खेळता तोच आहे ना ते बघा, २७ गुणांचा की २४, हत्ती-उंटाला ५ आणि राजा सोडून बाकीच्यांना १. नाहीतर आकडे काहीच्या काही येतात.

मग ती पोझिशन खेळायची

वाचून कळलेलं दोन दिवस टिकतं. म्हणून निवडलेल्या तीनपैकी एका पोझिशनपासून पुढे स्वतः खेळा, समोर इंजिन. पूर्ण ताकदीच्या इंजिनने हरणारच, त्यात काही नाही, पण जिंकत असलेल्या पोझिशनमधून, म्हणजे हजाराच्या वर असताना खेळलात तर कुठे हातातून निसटतं ते बरोबर दिसतं. निसटलं की परत त्याच जागेवर जा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला हात आपोआप राजापासून लांबच्या सोंगट्या सोडून द्यायला लागतो. फार जड जात असेल तर इंजिनचे नोड्स, म्हणजे ते किती पोझिशन्स वाचतं तो आकडा, कमी करा.

आठवड्याला एक किंवा दोन डाव एवढे खोदा. बाकीचे नुसते ग्राफ बघून सोडा. रोज पाच डाव असे तपासतो म्हणणारा माणूस पंधरा दिवसांत थकतो. आणि हे सांगायला नको, पण तरी सांगतो, चालू डावात इंजिन उघडायचं नाही, 'फक्त ओपनिंग बघतो' म्हणूनही नाही. समोर बसलेल्या माणसाचा तो अपमान आहे, आणि तुमच्या डोक्यात काय चाललं होतं याची जी नोंद आपल्याला हवी तीच मग खोटी होते.

वहीतून काय निघतं

प्रत्येक चुकीसमोर मी एक-दोन शब्दांचं लेबल लिहितो. 'आधार काढला', 'त्याची धमकी बघितली नाही', 'मात असताना खात बसलो', 'घाई', 'भिऊन सोडलं'. लेबलं स्वतःची हवीत, दुसऱ्याची उसनी घेऊ नका. चार-पाच महिन्यांनी वही मागून वाचली तेव्हा निम्म्याहून जास्त चुकांसमोर 'त्याची धमकी बघितली नाही' लिहिलेलं होतं आणि वेळेची नोंद बघितली तर त्या जवळजवळ सगळ्या चाली मी तीन सेकंदांच्या आत खेळलो होतो. तेव्हापासून समोरच्याने सोंगटी ठेवली की मी आधी एवढंच बघतो की ती सोंगटी जिथून उठली तिथे कुठली रेघ उघडली, आणि त्याच्या हातात या क्षणी काय काय आहे. मगच स्वतःच्या चालीचा विचार.